डेलिली : वाणांची निवड आणि जोपासना

ज्या फुलझाडाच्या नोंदलेल्या वाणांची संख्या एक लक्षाच्या पुढे गेली आहे, त्याची चार-सहा रोपे आपल्या अंगणात लावू इच्छिणाऱ्या गृहस्थापुढे उभा राहणारा प्रश्न हा दुर्मिळतेचा नसून वैपुल्याचा असतो. डेलिलीच्या बाबतीत असेच घडले आहे. चीन, कोरिया, जपान आणि पूर्व सायबेरिया या प्रदेशांत निसर्गतः वाढणाऱ्या या वनस्पतीवर गेल्या सव्वाशे वर्षांत संकरकारांनी इतके परिश्रम केले, की मूळच्या पिवळ्या, नारिंगी आणि तांबूस फुलांतून आज जवळजवळ पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंतच्या बहुतेक सर्व छटा निष्पन्न झाल्या आहेत. परंतु या संपत्तीचा फार मोठा भाग ज्या हवापाण्यात निर्माण झाला ते हवापाणी महाराष्ट्राचे नव्हे. आणि रंगीत सूचिपत्रातील चित्रावर विश्वासून मागविलेली रोपे दोन-तीन पावसाळ्यांत क्षीण होत जातात, त्याचे मूळ बहुधा याच एका गोष्टीत सापडते. प्रस्तुत लेखात या वनस्पतीचा पूर्वेतिहास, तिच्या वाणांचे वर्ग, निवडीचे निकष आणि निगेच्या मुख्य बाबी यांचा आढावा घ्यावयाचा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आरंभीच नमूद करणे इष्ट : आपल्याकडील बागेसाठी डेलिलीचा वाण निवडताना प्रथम पानाचा स्वभाव पाहावा, आणि फुलाचा रंग त्यानंतर.

झाडाची ओळख

आपल्या रोपवाटिकांत लिली हे नाव फार सैलपणे वापरले जाते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर उमलणारी रेन लिली, मे महिन्यात तांबडा गोल गेंद धरणारी फुटबॉल लिली, लांब पांढऱ्या पाकळ्यांची स्पायडर लिली आणि कर्ण्याच्या आकाराची मोठी फुले देणारे अमॅरिलिस ही सर्व कांद्यांपासून वाढणारी झाडे असून त्यांचे कूळ निराळे आहे. डेलिलीला कांदा नसतो. जमिनीलगत एक लहानसा गाभा, त्याच्या खाली पाणी व अन्न साठविणारी मांसल मुळे, आणि वर दोन्ही बाजूंस पंख्याप्रमाणे पसरणारी लांब, अरुंद पाने अशी तिची रचना असते. एका गाभ्यातून निघणाऱ्या पानांच्या समूहाला बागाईतदार पंखा म्हणतात, आणि रोपांची खरेदी-विक्री या पंख्यांच्या संख्येवर होते. खऱ्या लिलींच्या कुळातून काढून आधुनिक वनस्पतिशास्त्राने तिला ज्या कुळात बसविले आहे, त्याच कुळात आपली कोरफड येते. आणि मुळांत पाणी साठवून कोरडे दिवस निभावून नेण्याचे डेलिलीचे सामर्थ्य पाहिले म्हणजे हे नाते मुळीच अस्वाभाविक वाटत नाही.

पानांच्या मधून पर्णहीन फुलदांडा वर येतो, त्याला फांद्या फुटतात, आणि प्रत्येक फांदीवर कळ्या धरतात. प्रत्येक फुलाला तीन दले, तितकीच निदले, सहा पुंकेसर आणि एक लांब स्त्रीकेसर असतो. फूल सामान्यतः सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मावळते. परंतु दुसऱ्या दिवशी दुसरी कळी उमललेली असते, आणि म्हणून झाडाच्या शोभेचा हिशेब एका फुलाच्या आयुष्यावरून न करता कळ्यांच्या संख्येवरून करावा लागतो. एखाद्या जुन्या बेटाला दहा दांडे आले आणि प्रत्येकावर पंधरा कळ्या धरल्या, तर त्या बेटाने त्या हंगामात दीडशे फुले दिली असा त्याचा अर्थ होतो. कळ्यांची संख्या आणि दांड्याच्या फांद्या हे दोन गुण सूचिपत्रातील चित्रात दिसत नाहीत. परंतु घरच्या बागेत रोजचा आनंद त्यांच्यावरच अवलंबून असतो.

पूर्वेतिहास

चीनमध्ये या वनस्पतीचा परिचय अत्यंत प्राचीन आहे. तेथे तिची मुळे औषधात वापरली गेली, वाळविलेल्या कळ्या सोनेरी सुया या नावाने आजही स्वयंपाकात वापरल्या जातात, आणि शोकाचा विसर पाडणारी वनस्पती व मातेचे प्रतीक या नात्याने तिने चिनी काव्यात आणि चित्रकलेत स्थान मिळविले आहे. युरोपात तिच्या पिवळ्या आणि नारिंगी अशा दोन जाती सोळाव्या शतकात पोचलेल्या होत्या, आणि लिनियसने १७५३ मध्ये या वंशाचे शास्त्रीय नामकरण केले. युरोपभर आणि पुढे अमेरिकेत पसरलेला जो नारिंगी प्रकार, त्याला युरोपा असे नाव मिळाले. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असावयाच्या ऐवजी तीन संच, म्हणजे तेहेतीस गुणसूत्रे आहेत. परिणामी त्याला बी धरत नाही, आणि त्याचा सर्व प्रवास जमिनीखालून पसरणाऱ्या खोडांच्या व मनुष्याच्या हातांच्या बळावर झाला आहे. आपल्याकडील जुन्या बंगल्यांच्या आवारांत जी उंच नारिंगी डेलिली आढळते, तिचे नाते बहुधा याच गटाशी आहे. तिला बी धरले नाही, तर त्याचा दोष माळ्याच्या निगेकडे देण्याचे कारण नाही.

संकराने नवा वाण निर्माण करण्याचा मान जॉर्ज येल्ड या इंग्रज शिक्षकाकडे जातो; त्यांचा ॲप्रिकॉट हा वाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रसिद्धीस आला. परंतु या वनस्पतीच्या आधुनिक इतिहासाचे खरे प्रवर्तक म्हणजे आर्लो बर्डेट स्टाउट. १९११ मध्ये न्यूयॉर्क वनस्पती उद्यानात रुजू झाल्यानंतर त्यांनी युरोपाच्या वंध्यत्वाचा प्रश्न आपल्या अभ्यासाचा विषय केला, आणि त्या शास्त्रीय जिज्ञासेतून हजारो संकर घडून आले. नानकिंग विद्यापीठातील आल्बर्ट स्टुअर्ड यांनी चीनमधून पाठविलेल्या रोपांत गुलाबी छटेचे काही प्रकार होते, आणि आजच्या बागांतील गुलाबी डेलिलींच्या वंशावळीचा एक महत्त्वाचा धागा तेथवर जाऊन पोचतो. स्टाउट यांचा या विषयावरील ग्रंथ १९३४ मध्ये प्रकाशित झाला, आणि त्याच सुमारास त्यांचा थेरॉन हा गडद तांबडा वाण पुढे आला. १९४६ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात शेननडोआ या गावी डेलिलीप्रेमींची संस्था स्थापन झाली. वाणांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचे दप्तर पुढे याच संस्थेकडे आले, आणि तिचे स्टाउट यांच्या नावाचे रौप्यपदक १९५० पासून उत्कृष्ट वाणाला दिले जाऊ लागले.

यानंतरचे वळण रसायनशास्त्राने घडविले. कॉल्चिसिन या द्रव्याच्या प्रयोगाने वनस्पतीच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते हे १९३७ मध्ये सिद्ध झाले. आणि सह्याद्रीच्या रानात श्रावण-भाद्रपदात फुलणाऱ्या आपल्या कळलावीच्या कंदात व बियांत हेच प्रखर विष असते, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानी घेण्याजोगी आहे. या द्रव्याच्या साहाय्याने बावीस गुणसूत्रांच्या द्विगुणित डेलिलीपासून चव्वेचाळीस गुणसूत्रांच्या चतुर्गुणित डेलिली निर्माण झाल्या, आणि १९६० नंतर त्यांचे युग सुरू झाले. ऑर्व्हिल फे यांचा १९६७ मध्ये नोंदलेला मेरी टॉड हा पिवळा वाण १९७८ मध्ये स्टाउट पदकाचा मानकरी ठरला, आणि तो मान मिळविणारा तो पहिला चतुर्गुणित वाण होय. जाड पाकळ्या, दणकट दांडे, गडद रंग आणि कडेला झालर हे या वर्गाचे विशेष. तर नाजूक, लांब पाकळ्यांची फुले आणि उत्तम दुहेरी फुले द्विगुणित वर्गात अधिक सहजतेने लाभतात. घरच्या बागेच्या दृष्टीने यांपैकी एक वर्ग श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असा भेद करण्याचे प्रयोजन नाही. हा भेद ज्यांना स्वतः संकर करावयाचा आहे त्यांच्या कामाचा आहे, कारण या दोन वर्गांचा परस्परांशी संकर सहसा फलद्रूप होत नाही.

पानाचा स्वभाव

आता मुख्य मुद्द्याकडे यावयास हरकत नाही. नोंदणीच्या दप्तरात प्रत्येक वाणासमोर पानांच्या हिवाळी वर्तनाची नोंद असते, आणि तिचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग सुप्त वाणांचा : हिवाळा येताच यांची पाने वाळून जातात, गाभ्यावर एक मिटलेली कळी तेवढी राहते, आणि थंडीचे आठवडे पार पडल्यावर नवी पाने एकदम जोमाने फुटतात. दुसरा वर्ग सदाहरित वाणांचा : यांची वाढ थंडीत मंदावते, परंतु नवे पान निघण्याचे काम पूर्णतः कधीच थांबत नाही. तिसरा अर्धसदाहरित वर्ग या दोहोंच्या मधला असून त्याचे वर्तन स्थळपरत्वे बदलते. सुप्त वाणांना थंडीची विश्रांती हा जीवनक्रमाचा आवश्यक भाग असतो. ज्या प्रदेशात ती विश्रांती मिळत नाही तेथे यांपैकी पुष्कळसे वाण प्रतिवर्षी थोडेथोडे खुरटत जातात, पंख्यांची संख्या वाढण्याऐवजी घटते, दांडे आखूड येतात, आणि शेवटी एखाद्या दमट पावसाळ्यात गाभा कुजून झाड संपते.

महाराष्ट्राच्या हवामानाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे निवडीची दिशा आपोआप स्पष्ट होते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा या किनारपट्टीत थंडी नाममात्र असते आणि पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरपर्यंत पडतो. येथे सदाहरित वाणांखेरीज अन्य वाण लावण्याच्या भरीस सहसा पडू नये. पुणे, सातारा, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या देशावरील शहरांत हिवाळ्याच्या रात्री बऱ्यापैकी थंड असल्या तरी दुपारी उबदार असतात. येथे सदाहरित वाण निर्धास्तपणे आणि अर्धसदाहरित वाण पारखून लावावेत. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या, हिवाळ्यात पारा फार खाली उतरणाऱ्या पट्ट्यात आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर काही सुप्त वाणांना संधी देऊन पाहण्यास वाव आहे. मात्र महाबळेश्वरी पाऊस पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, तेव्हा तेथे थंडीचा लाभ पदरात पाडून घ्यावयाचा तर पाण्याच्या निचऱ्याची तजवीज आधी करावी लागेल. विदर्भात हिवाळ्याची थंडी अनुकूल असली तरी उन्हाळा अत्यंत कडक; तेथे सदाहरित वाण आणि दुपारची सावली ही जोडी आवश्यक समजावी.

या प्रकरणी आपल्याला उपयोगी पडणारा अनुभव अमेरिकेच्या फ्लोरिडा व लुइझियाना या उष्ण राज्यांतून येतो. फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे बिल मन्सन यांनी आयुष्यभर ज्या चतुर्गुणित डेलिलींचे प्रजनन केले त्या प्रामुख्याने सदाहरित होत्या. केट कार्पेंटर हा त्यांचा फिकट गुलाबी वाण आणि बेटी वॉरेन वूड्स हा झालरीचा पिवळा वाण उष्ण प्रदेशांत मान्यता पावले. लुइझियानात केनेथ ड्यूरियो यांनी १९७७ मध्ये नोंदलेला जोन सीनियर हा जवळजवळ पांढरा वाणही सदाहरित आहे. याउलट जगात सर्वाधिक प्रसिद्धी पावलेला स्टेला दे ओरो, म्हणजे वॉल्टर याब्लॉन्स्की यांनी १९७५ मध्ये नोंदलेला, जेमतेम फूटभर उंचीचा, पुनःपुन्हा फुलणारा सोनेरी वाण, हा सुप्त वर्गातील आहे. सुगंधासाठी प्रख्यात असलेला १९२४ सालचा हायपेरियन आणि सायलोम डबल क्लासिक हा सुंदर दुहेरी वाण यांचीही तीच स्थिती आहे. हे वाण निकृष्ट आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. यांपैकी काहींनी पदके मिळविली आहेत आणि ती योग्यच आहेत. परंतु न्यू जर्सी, शिकागो अथवा इंग्लंड येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बागेत जे वाण चाळीस वर्षे टिकतील, तेच वाण दादर अथवा मडगाव येथे लावून त्यांच्याकडून तीच अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तिकडील वाचकांनी आमची शिफारस उलट करून घ्यावी, म्हणजे सुप्त वाण आधी निवडावेत. आणि हरणांचा उपद्रव असलेल्या भागात कळ्यांच्या रक्षणाची व्यवस्थाही पाहावी. मेरी टॉड, तसेच १९९२ मध्ये पदक मिळविणारा गुलाबी बार्बरा मिचेल हे अर्धसदाहरित वाण दोन्ही प्रकारच्या हवामानांच्या सीमेवर उपयोगी पडतात.

फुलाचे निकष

पानाचा प्रश्न निकालात निघाल्यावर रंगाकडे वळावे. येथेही उन्हाचा विचार अपरिहार्य आहे. पिवळा, जर्दाळूचा आणि केशरी हे रंग प्रखर उन्हातही आपली कांती राखतात. गडद तांबडा आणि जांभळा हे रंग उष्णता अधिक शोषून घेतात, आणि वैशाखातील दुपारी त्यांच्या पाकळ्यांवर डाग पडून त्या कोमेजतात. म्हणून असे वाण पूर्वेच्या उन्हात व दुपारच्या सावलीत लावावेत. फिकट गुलाबी आणि पांढुरक्या छटांना उजेड भरपूर हवा, परंतु तापलेली भिंत जवळ नसावी. निळी डेलिली आजपर्यंत कोणीही निर्माण केलेली नाही. निळ्या फुलाचे चित्र छापून जे बियाणे विकले जाते ते सरळ फसवणुकीचे समजावे, आणि हीच गोष्ट सप्तरंगी पाकळ्यांच्या बियाण्यालाही लागू आहे.

आकाराच्या दृष्टीने साधी, दुहेरी आणि कोळ्याच्या पायांसारख्या अरुंद पाकळ्यांची असे मुख्य भेद आहेत. त्यांपैकी शेवटच्या वर्गात मोडण्यासाठी पाकळीची लांबी रुंदीच्या निदान चौपट असावी लागते. तीन इंचांहून कमी व्यासाचे फूल लघू, तीनपासून साडेचार इंचांच्या आतले लहान, आणि त्यापुढचे मोठे, अशी नोंदणीची परिभाषा आहे. जाड पाकळ्यांची, दाट झालरीची फुले थंड रात्रींनंतर नीट उमलत नाहीत अशी उत्तरेकडील देशांतील बागाईतदारांची तक्रार असते. आपल्याकडील उबदार रात्री या बाबतीत अनुकूल ठरतात, हा आपला एक लाभ आहे. सूचिपत्रांतील लवकर, मध्यम व उशिरा या हंगामदर्शक संज्ञा मात्र तिकडील ऋतुचक्राच्या आहेत. आपल्याकडे मुख्य बहार उन्हाळ्यात येतो, आणि त्या संज्ञांचा उपयोग कोणता वाण कोणाच्या आधी फुलेल एवढे जाणण्यापुरताच करावा.

ज्यांचा दिवस कचेरीत जातो त्यांच्यासाठी एक विशेष शिफारस करावीशी वाटते. चीनमधील लिंबोणी पिवळ्या रंगाची एक मूळ जाती संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टवटवीत राहते. तिचा सुगंध निशाचर पतंगांना आकर्षित करण्यासाठी असतो. तिच्या वंशातील पुष्कळ पिवळ्या वाणांत हा सुगंध आणि रात्री उमलण्याचा गुण कमी-अधिक प्रमाणात उतरला आहे. ओसरीजवळ अथवा गच्चीवरील बैठकीलगत असा एक वाण अवश्य असावा.

खरेदी

आपल्या बहुतेक रोपवाटिकांत डेलिली वाणाच्या नावाने विकली न जाता रंगाच्या नावाने विकली जाते, आणि मग नोंदणीचा दाखला पाहण्याची सोयच राहत नाही. अशा वेळी पानाचा स्वभाव डोळ्यांनी पडताळून पाहावा. खरेदीला उन्हाळ्याच्या बहरात न जाता पौष-माघात जावे. ज्या रोपांची पाने त्या थंडीतही हिरवी असून मधोमध नवे पान निघताना दिसेल ती घ्यावीत, आणि जी त्या दिवसांत वाळून बसली असतील ती कितीही स्वस्त मिळाली तरी किनाऱ्यावरील बागेसाठी घेऊ नयेत. दुसरी खातरजमा अशी, की रोप त्या रोपवाटिकेत एक संपूर्ण पावसाळा काढलेले असावे. परगावाहून नुकत्याच आलेल्या, मुळे सुकलेल्या मालापेक्षा शेजाऱ्याच्या वाफ्यात पाच वर्षे फुलत असलेल्या बेटाचा एक फाटा शतपटीने अधिक विश्वसनीय होय. नावानिशी वाण मिळालाच, तर त्याचे नाव न पुसणाऱ्या शाईने पाटीवर लिहावे आणि वहीतही नोंदवावे. कारण नाव एकदा हरवले म्हणजे केवळ फुलावरून एक लक्ष वाणांतून ते शोधणे अशक्यप्राय असते.

परदेशांतून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून गुपचूप मुळे आणविण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशान्वये जिवंत रोपांच्या आयातीस परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचा आरोग्यविषयक दाखला आवश्यक आहे. हा नियम निष्कारण केलेला नाही : डेलिलीचा तांबेरा हा पूर्व आशियातील रोग २००० साली अमेरिकेत प्रथम आढळला, आणि रोपांच्या व्यापाराबरोबर अल्पावधीत तो अनेक राज्यांत पसरला.

लागवड आणि निगा

डेलिली बहुतेक प्रकारच्या मातीत जगते. तिला असह्य असते ते गाभ्याभोवती साचलेले पाणी. काळ्या चिकण मातीत वाफा सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा आणि मातीत वाळू, बारीक मुरूम व भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे. कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीत निचरा चांगला असतो, परंतु अन्नांश वाहून जातात, म्हणून तेथे कंपोस्ट आणि पालापाचोळ्याचे आच्छादन यांवर भर द्यावा. लागवडीचा उत्तम काळ म्हणजे पाऊस पूर्णतः ओसरल्यानंतरचे आश्विन-कार्तिकाचे दिवस. त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी मुळे धरण्यास पुरेशी मुदत मिळते. रोपाची पाने वीतभर ठेवून कापावीत, खड्ड्यात मातीचा उंचवटा करून त्यावर मुळे चहूकडे पसरावीत, आणि गाभा मातीच्या पातळीखाली एका इंचाहून अधिक जाणार नाही अशा बेताने माती दाबावी. खोल लावलेली डेलिली फुलत नाही आणि पावसाळ्यात कुजते. दोन रोपांत दीड ते दोन फुटांचे अंतर राखावे. रोज निदान सहा तास ऊन मिळाल्याखेरीज कळ्या भरपूर धरत नाहीत. मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर एका रोपाला बारा इंचांची कुंडी पुरते; कुंडीची छिद्रे खापऱ्यांनी झाकावीत आणि खाली बशी ठेवू नये.

दांडे दिसू लागल्यापासून बहार संपेपर्यंत पाणी नियमित व खोलवर द्यावे. या काळात पाण्याचा ताण पडला तर कळ्या गळतात व फुले लहान येतात. एरवी वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे, ते सकाळी आणि मुळाशी द्यावे. खत दोनदा पुरे : पावसाळ्यानंतर शेणखत व मूठभर निंबोळी पेंड, आणि माघाच्या सुमारास पुन्हा हलका हप्ता. नत्राचा अतिरेक केल्यास पानांचे रान माजते, फुले कमी होतात आणि मऊ झालेला गाभा कुजीला लवकर बळी पडतो. मावळलेली फुले काढून टाकावीत, म्हणजे झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होत नाही.

तीन-पाच वर्षांनी बेट दाट होऊन फुले कमी येऊ लागली, की ते पावसाळ्यानंतर खणून काढावे, मुळांची माती धुवावी, आणि प्रत्येक फाट्यावर दोन-तीन पंखे राहतील असे हाताने अथवा धारदार सुरीने गड्डे वेगळे करावेत. जखमा सावलीत एक-दोन दिवस सुकू देऊन मग लागवड करावी. भर पावसाळ्यात गड्डे फोडण्याची चूक कोणीही करू नये. ओल्या उष्ण मातीत ताज्या जखमेतून जी कुज शिरते, तिने इतर सर्व रोगांहून अधिक डेलिली गिळल्या आहेत. पाने पिवळी पडून ओढताच हातात आली आणि दुर्गंधी सुटली, तर रोप तत्काळ उपटून कुजका भाग निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत खरवडावा, बुरशीनाशकात बुडवून काही दिवस सावलीत सुकवावे, आणि नव्या जागी लावावे. काही वाणांच्या दांड्यांवर लहान रोपटी फुटतात. ती मुळे धरू लागताच कापून कुंडीत लावल्यास मूळ वाण जसाच्या तसा वाढविता येतो.

कीटकांपैकी कळ्यांत शिरणारे फुलकिडे आणि कोवळ्या पानांवरील मावा यांचा उपद्रव निंबोळी अर्काने व पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आटोक्यात राहतो. उन्हाळ्यातील लाल कोळी आणि पावसाळ्यातील गोगलगाई यांच्यावर लक्ष ठेवावे. तांबेऱ्याची खूण म्हणजे पानाच्या खालच्या बाजूस उठणारे नारिंगी पुरळ, ज्याची पूड बोटाला लागते. सदाहरित पानांवर हा रोग वर्षभर टिकून राहू शकतो, ही या वर्गाची एक उणी बाजू प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. म्हणून प्रत्येक नवे रोप काही आठवडे वेगळे ठेवून पाहावे, पाने रात्रभर ओली राहू देऊ नयेत, आणि रोग दिसताच बाधित पाने कापून जाळावीत.

ज्यांना स्वतः बी धरून पाहावयाचे असेल त्यांनी उन्हाचा ताप वाढण्यापूर्वीच्या बहरात, सकाळच्या वेळी, एका फुलाचा पराग दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावावा व दोघांची नावे दोऱ्याने बांधून ठेवावीत. सहा ते आठ आठवड्यांत बोंडे तडकून काळे चकचकीत बी मिळते, आणि रोप फुलावयास साधारणतः दोन-तीन वर्षे लागतात. अशी रोपे आईबापांसारखी निघतीलच असे नाही. परंतु आपल्या पावसाळ्यात आणि आपल्या उन्हाळ्यात जन्मापासून वाढलेले जे रोप पाच वर्षांनी जोमदार उभे असेल, त्याचे मोल परदेशांतील पदकविजेत्या वाणाहून आपल्याला अधिक वाटले पाहिजे.

दोन इशारे देणे आवश्यक आहे. डेलिलीची पाने, फुले अथवा पराग मांजराच्या पोटात गेल्यास त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजरे पाळणाऱ्यांनी ती घरात वा पोहोचेल अशा जागी लावू नये, आणि मांजराने खाल्ल्याचा संशय येताच पशुवैद्याकडे जावे. दुसरे असे, की डेलिलीच्या कळ्या खाद्य असल्या तरी लिली म्हणून ओळखली जाणारी सर्वच फुले खाद्य नव्हेत, आणि कळलावी तर प्राणघातक आहे. ओळख निश्चित नसेल तर एकही कळी तोंडात घालू नये.

सारांश, महाराष्ट्रातील गृहस्थाने आरंभ तीन-चार सदाहरित वाणांपासून करावा : एक पिवळा सुगंधी, एक जर्दाळूच्या वा फिकट गुलाबी रंगाचा, एक दुपारच्या सावलीत लावलेला गडद तांबडा, आणि जागा असल्यास त्यांच्या जोडीला जुनी उंच नारिंगी. त्यांनी तीन पावसाळे निभावले, म्हणजे पुढचे वाण वाढवावेत. आणि ज्या वाचकांच्या बागेत एखादी डेलिली दहा वर्षे विनातक्रार फुलत असेल, त्यांनी तिच्या पानाचा स्वभाव, बहराचे महिने आणि कळ्यांची संख्या वहीत लिहून ठेवावी व तिचे फाटे शेजाऱ्यांना द्यावेत. आपल्या हवामानाला मानवणाऱ्या वाणांची यादी कोणत्याही परदेशी सूचिपत्रात मिळणार नाही. ती आपल्या वाफ्यांतील अशा नोंदींतूनच तयार होईल.